दुरुस्तीनंतर गाडीत कूलंट भरणं आणि एअर काढणं

थर्मोस्टॅट बदलला, बोल्ट आवळले, रेडिएटर तोंडापर्यंत भरला, झाकण लावलं आणि गाडी काढली. पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा मला वाटलं, झालं. दहा मिनिटांनी टेंपरेचरचा काटा मधोमध होता. मग तो जरा खाली आला, मला उगाच बरं वाटलं, आणि पुढच्याच चढावर तो थेट लाल पट्ट्यात गेला. गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं आणि शेवटी दोरीने ओढून घरी आणली. बघतो तर कॅनमध्ये जवळपास दीड लिटर कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) तसंच उरलेलं. काढलं होतं साडेचार लिटर, भरलं होतं तीन. उरलेल्या दीड लिटरच्या जागी इंजिनात हवा बसली होती. तो कॅन निघण्याआधी एकदा बघितला असता तर रस्त्यावर उतरायची वेळच आली नसती.

म्हणून या कामात सगळ्यांत महत्त्वाची वस्तू सांगायची तर ती म्हणजे खुणा केलेली बादली. दुरुस्तीसाठी कूलंट काढाल तेव्हा ते जमिनीवर सोडू नका, बादलीत धरा आणि किती निघालं ते मोजून लिहून ठेवा. जेवढं निघालं तेवढं परत जायला हवं. कमी गेलं तर बाकीची जागा हवेने अडवली आहे असं समजायचं, मग काटा काहीही दाखवो.

हवा अडकते कुठे

कूलंट फिरवणारा वॉटर पंप म्हणजे पात्यांचं एक चाक असतं. ते द्रव बाहेर फेकतं आणि मागून नवीन द्रव ओढून घेतं. त्या पात्यांपाशी हवा आली की फेकायला काही उरत नाही. चाक फिरत राहतं आणि कूलंट जागच्या जागी उभं राहतं. शिवाय हवा हलकी, त्यामुळे ती जाऊन बसते ती वरच्या जागी: थर्मोस्टॅटच्या घरात, वरच्या होजच्या (रेडिएटरच्या जाड रबरी नळीच्या) कमानीत, आणि सगळ्यांत चिवटपणे डॅशबोर्डच्या मागच्या हीटरच्या जाळीत.

थर्मोस्टॅट हा या वाटेवरचा दरवाजा. त्यातलं मेण साधारण ८२ ते ९० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळून फुगतं तेव्हा तो उघडतो. इंजिन थंड असताना तो बंद असतो, म्हणजे रेडिएटरमध्ये ओतलेलं कूलंट त्याच्या पलीकडे सहज जात नाही आणि पलीकडची हवा अलीकडे येत नाही. बऱ्याच थर्मोस्टॅटच्या चकतीला एक बारीक भोक असतं आणि त्यात एक सैल पिन हलत असते. ती हवा सुटावी म्हणूनच ठेवलेली असते. नवा थर्मोस्टॅट बसवताना ती पिन घड्याळातल्या बाराच्या जागी, म्हणजे अगदी वर यायला हवी. खाली बसवली तर भरताना हवा निघायला फार वेळ लागतो आणि चूक कुठे झाली ते कळतही नाही.

काट्यावर विसंबू नका असं मी म्हणतो त्याचं कारणही हेच. टेंपरेचर सेन्सर कूलंटमध्ये बुडलेला असेल तरच खरं सांगतो. त्याच्याभोवती हवेची पोकळी असेल तर हेड (इंजिनाचा सिलिंडरवरचा भाग) तापून उकळायला लागलं तरी काटा शांत राहू शकतो. मग कूलंटची एखादी लाट सेन्सरला लागते आणि काटा उडी मारतो. माझ्या गाडीचा काटा आधी खाली आला तो याचमुळे.

हात लावण्याआधी

गरम इंजिनचं झाकण उघडायचं नाही. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही दरवेळी कुणीतरी भाजतं. झाकण आत साधारण १ बारपर्यंत, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा, जादा दाब धरून ठेवतं, त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा सुमारे १२० अंशांना उकळतं. झाकण सैल करताच दाब जातो, १०० अंशांच्या वर असलेलं ते पाणी एका क्षणात वाफ होतं आणि तुमच्या तोंडावर येतं. वरच्या होजला हात लावून बघा. ती कोमट लागली आणि दाबल्यावर सहज दबली तरच झाकणावर जाड फडकं टाकून हळूहळू फिरवा.

इलेक्ट्रिक फॅन चावी काढल्यावरही सुटू शकतो, तेव्हा त्याच्या पात्यांत बोटं, बाही, ओढणी काही नको. काम उघड्यावर करा, कारण गाडी बराच वेळ चालू ठेवायची आहे आणि बंद गॅरेजमध्ये एक्झॉस्टचा धूर जीव घेतो. कूलंट सांडलं तर लगेच पुसा आणि भरपूर पाण्याने धुवा. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेलं तर विष आहे. कुत्रं, मांजर किंवा लहान मूल ते चाटू शकतं.

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर इथेच थांबा. त्यात बॅटरी आणि इन्व्हर्टरची वेगळी कूलंट लाइन असते, तिचं कूलंटही काही गाड्यांत वेगळं असतं, आणि आजूबाजूला जास्त व्होल्टेजच्या वायरी असतात. नवख्याने सुरुवात करायची ती जागा नाही.

कोणतं कूलंट आणि किती पाणी

रंग बघून कूलंट निवडू नका. हिरवं, गुलाबी, नारिंगी, निळं हे रंग कंपन्या आपापल्या मर्जीने घालतात, त्यांना कुठलंही एकच प्रमाण नाही. गंज थांबवणारी रसायनं आतून वेगळी असलेली दोन कूलंट मिसळली तर त्या रसायनांचं काम बिघडतं, कधी गाळ किंवा जेलीसारखा थर धरतो आणि तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत अडकतो. मॅन्युअलमध्ये जे स्पेसिफिकेशन छापलं आहे तेच कॅनवर शोधा. आधी गाडीत काय होतं हे ठाऊक नसेल तर सगळं काढून, साध्या पाण्याने फ्लश मारून नव्याने भरणं शहाणपणाचं.

नेहमीचं प्रमाण निम्मं कूलंट, निम्मं पाणी. हे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठतं आणि झाकणाच्या दाबाखाली सुमारे १२९ अंशांपर्यंत उकळत नाही. जास्त घातलं तर जास्त चांगलं, असा समज करून कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) तसंच ओतणारे मी पाहिले आहेत. नुसतं ग्लायकॉल उणे १३ च्या सुमारालाच गोठतं, आणि उष्णता वाहून नेण्यात ते पाण्यापेक्षा कमी पडतं. पाणी डिस्टिल्ड घ्या. नळाच्या जड पाण्यातले क्षार आत पांढरा थर धरतात.

आता एक हिशेब, जो बहुतेक लोक चुकवतात. रेडिएटरचा खालचा नळ उघडला तरी सगळं कूलंट निघत नाही, इंजिनच्या ब्लॉकच्या पोटात बरंच राहतं. समजा मॅन्युअल म्हणतं एकूण क्षमता ६ लिटर. तुम्ही साध्या पाण्याने फ्लश मारलात आणि शेवटी निघालं ४ लिटर. म्हणजे आत २ लिटर नुसतं पाणी आहे. आता तुम्ही तयार मिश्रण ४ लिटर ओतलंत तर त्यातलं ग्लायकॉल फक्त २ लिटर, एकूण सहात दोन, म्हणजे एक तृतीयांश. निम्मं हवं असेल तर आधी ३ लिटर कॉन्सन्ट्रेट ओता आणि वर १ लिटर डिस्टिल्ड पाणी. फ्लश मारलं नसेल आणि फक्त होज किंवा पंप बदलला असेल तर हा घोळ नाही, तयार मिश्रण सरळ ओता.

थंड इंजिनात भरणं

आधी बोनेट उघडून बघा, तुमची गाडी कोणत्या जातीची आहे. एका प्रकारात रेडिएटरलाच दाबाचं झाकण असतं आणि बाजूला एक साधी प्लॅस्टिकची बॉटल, जिच्यात जास्तीचं कूलंट जाऊन परत येतं. दुसऱ्या प्रकारात रेडिएटरला झाकणच नसतं. एक जाड पांढुरकी टाकी असते, तिच्यावरच दाबाचं झाकण, आणि तिच्यात वरून एक बारीक पाइप येऊन मिळालेला असतो.

गाडी अशी उभी करा की भरायचं तोंड सगळ्या सिस्टीममध्ये उंच राहील. तोंड पुढे रेडिएटरवर असेल तर पुढची चाकं रॅम्पवर चढवा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना ठोकळे लावा. टाकी मागे, डॅशबोर्डच्या भिंतीला लागून असेल तर नाक वर केल्याने उलटंच होईल, तिथे गाडी सपाटच बरी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली किंवा तिच्या पुढ्यात वाकून हे काम करू नका.

हीटर पूर्ण गरमवर ठेवा. काही गाड्यांत हीटरकडे जाणाऱ्या पाइपात व्हॉल्व्ह असतो, तो उघडला नाही तर जाळीत अडकलेली हवा तशीच राहते. क्लायमेट कंट्रोल असेल तर त्यासाठी चावी ऑनला फिरवावी लागते.

मग ब्लीड स्क्रू, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, शोधा. तो सगळ्या गाड्यांत नसतो. असला तर थर्मोस्टॅटच्या घरावर, वरच्या होजमध्ये किंवा हीटरच्या पाइपावर असतो, कधी पितळी, बऱ्याचदा प्लॅस्टिकचा. दोन-तीन वेढे सैल करा आणि खाली फडकं धरा. आता नरसाळ्यातून कूलंट ओता, अगदी बारीक धारेने. घाई केली तर येणारं कूलंट निघणाऱ्या हवेची वाट अडवतं. मी मिनिटभर ओततो, मग थांबून वरची होज मुठीत धरून आठ-दहा वेळा दाबतो. दरवेळी नरसाळ्यात बुडबुड आवाज येतो आणि पातळी बोटभर खाली जाते.

ब्लीड स्क्रूवर डोळा ठेवा. आधी तिथून नुसती हवा फुसफुसते. मग फेस येतो, थुंकल्यासारखं थेंब-हवा-थेंब चालतं. मग धार येते, पण तिच्यात अजून टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे असतात. सगळे जण स्क्रू घट्ट करतात ते इथेच, आणि चुकतात. अजून थोडं थांबा, धार काचेच्या काडीसारखी एकसंध झाली की मगच स्क्रू बंद करा. आवळताना मनगटाचा जोर लावू नका. प्लॅस्टिकचा स्क्रू मोडला तर मागे राहिलेला तुकडा काढण्यात अर्धा दिवस जातो. गळती थांबवायचं काम त्याच्या रबरी रिंगचं आहे, तुमच्या ताकदीचं नाही.

या टप्प्यावर कॅनकडे बघा. निघालेल्याच्या साधारण तीन चतुर्थांश गेलं असेल तर छान चाललंय.

इंजिन चालू करून

रेडिएटरला झाकण असलेल्या गाडीत झाकण न लावता, नरसाळं तोंडात घट्ट बसवून त्यात निम्म्यापर्यंत कूलंट ठेवा आणि इंजिन चालू करा. या कामासाठी झाकणाच्या जागी आवळून बसणारं उंच नरसाळं मिळतं. वर्षातून एकदा जरी हे काम करणार असाल तरी ते घ्या. सांडवण थांबतं आणि वरच्या कूलंटच्या वजनाने खालची हवा लवकर सुटते. टाकी असलेल्या गाडीत काही मॉडेलना झाकण उघडं ठेवायला सांगतात, काहींना बंद. तिथे अंदाज नको, मॅन्युअल उघडा.

एसी बंद ठेवा. एसी चालू असेल तर रेडिएटरचा फॅन आपोआप फिरतो, आणि आपल्याला तर फॅन कधी सुटतो याचीच वाट बघायची आहे. ब्लोअर सगळ्यांत कमीवर.

पहिली पाच-दहा मिनिटं फार काही होत नाही. अधूनमधून बुडबुडा, पातळी थोडी खाली, तुम्ही थोडं ओतता. दर दोन-तीन मिनिटांनी रेस देऊन इंजिन २,००० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास अर्धा मिनिट धरा. रेस दिली की पातळी खाली जाते आणि सोडली की उसळून वर येते. एकदम सोडली तर कूलंट बोनेटवर. पाय हळू उचला. दुसरा माणूस मदतीला असेल तर तो सीटवर आणि तुम्ही नरसाळ्यापाशी, हे सगळ्यांत सोयीचं.

मग थर्मोस्टॅट उघडतो. आतापर्यंत गार असलेली होज (गाडीप्रमाणे वरची किंवा खालची) काही सेकंदांत गरम होते आणि नरसाळ्यातून एकदम मोठा ढेकर येतो. पातळी झपकन खाली जाते. याच क्षणाची वाट बघत होतो, घाबरू नका, ओतत राहा. इथून पुढे फॅन एकदा सुटून बंद होईपर्यंत आणि मग दुसऱ्यांदा सुटेपर्यंत इंजिन चालू द्या. दरम्यान बुडबुडे विरळ होत जातात.

टाकीच्या गाडीत आणखी एक खूण मिळते. वरून येणाऱ्या त्या बारीक पाइपातून कूलंटची सुतासारखी धार टाकीत पडताना दिसली तर पंप कूलंट फिरवतो आहे. धार तुटक किंवा फेसाळ असेल तर अजून वेळ आहे.

पण सगळ्यांत पक्की परीक्षा हीटरची. आतून वारा कडक गरम आला पाहिजे, रेस असतानाही आणि नुसत्या आयडलवरही. रेस दिल्यावर गरम आणि सोडल्यावर गार, म्हणजे जाळीत अजून हवा आहे. बोनेटखाली डॅशबोर्डच्या भिंतीत शिरणारे दोन पाइप हातमोजा घालून चाचपून बघा. दोन्ही जवळजवळ सारखे गरम असतील तर हीटर सुटला. एक चटका देतोय आणि दुसरा कोमट आहे तर कूलंट आत अडलंय. इंजिन बंद करून पूर्ण थंड होऊ द्या, पुन्हा भरा, पुन्हा चालवा. दोन-तीन फेऱ्या लागणं यात काही विशेष नाही.

हे सगळं चालू असताना काटा मधल्या खुणेच्या वर सरकू लागला की लगेच इंजिन बंद करा. थोडं थांबून बघू, असं म्हणण्यात हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) जातं.

झालं की बाजूच्या बॉटलमध्ये खुणेपर्यंत कूलंट घाला आणि झाकण लावा. ही बॉटल रिकामी ठेवणं ही फार नेहमीची चूक आहे. इंजिन थंड होताना आतलं कूलंट आकसतं आणि झाकणातल्या उलट्या व्हॉल्व्हमधून बॉटलमधलं ओढून घेतं. बॉटल रिकामी असेल, किंवा तिच्यातली नळी तळापर्यंत पोहोचत नसेल, तर ती हवा ओढते आणि दिवसभराची मेहनत रात्रीतून उलटी होते. सकाळी वरची होज चपटी झालेली दिसली तर तो उलटा व्हॉल्व्ह किंवा ती नळी चोंदली आहे.

यंत्राने भरायची पद्धत

वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेसरला एक यंत्र जोडून त्याने सिस्टीममधली हवाच आधी शोषून घेतात. होज चपट्या होतात, यंत्राच्या गेजचा काटा थोडा वेळ जागचा हलला नाही म्हणजे गळतीही नाही, आणि मग नळ फिरवला की कूलंट आपोआप आत ओढलं जातं. पाच-दहा मिनिटांचं काम. इलेक्ट्रिक वॉटर पंप असलेल्या गाड्यांत मात्र इंजिन चालवून उपयोग नसतो, तिथे पंपच एका ठरावीक क्रमाने चालवावा लागतो. बीएमडब्ल्यूच्या काही इंजिनांत चावी ऑन, हीटर पूर्ण गरम, ब्लोअर कमीवर आणि ॲक्सिलरेटर दहा सेकंद दाबून धरला की पंप सुमारे १२ मिनिटं स्वतः फिरून हवा काढतो. काही गाड्यांत हेच स्कॅनर जोडून करतात.

बुडबुडे थांबतच नसतील तर

अडकलेली हवा कधीतरी संपते. चाळीस मिनिटांनंतरही तितकेच बुडबुडे येत असतील, रेस वाढवली की वाढत असतील, थंड इंजिन चालू केल्यावर दोनच मिनिटांत होज दगडासारखी कडक होत असेल, तर ती अडकलेली हवा नाही, बहुधा सिलिंडरमधला जळका गॅस आहे. बहुतेक हेड गॅस्केट गेलं आहे. खात्री करायला रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रावणाची नळी धरून चाचणी करतात. पेट्रोल इंजिनात गॅस येत असेल तर निळं पिवळं पडतं. तिथे कितीही ब्लीड केलंत तरी उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी

पहिली चक्कर जवळपासचीच मारा आणि कॅन डिक्कीत ठेवा. गाडी रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी, सुरू करण्याआधी, झाकण उघडून पातळी बघा. थोडी उतरलेली असतेच. भरा आणि किती गेलं ते कालच्या आकड्यात मिळवा. दोन-तीन दिवस हेच करा. डॅशबोर्डमागून झुळझुळ आवाज येत असेल तर अजून थोडी हवा आहे. पातळी रोज उतरत असेल आणि आकडा निघालेल्याच्या पुढे गेला असेल तर कुठेतरी गळतं आहे, होजच्या क्लिपा आणि पंपाखालची जागा बघा.

काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा मातीत ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर नाव लिहून, जुनं ऑइल जिथे घेतात तिथे विचारा.

माझ्या त्या गाडीचं हेड वाचलं. दुसऱ्या खेपेला नाक वर करून, होज दाबत, फॅन दोनदा सुटेपर्यंत थांबलो. दीड लिटरपैकी एक लिटर चारशे मिली त्याच संध्याकाळी आत गेलं. उरलेलं शंभर मिली बॉटलमध्ये ठेवलं होतं, ते रात्रीत गाडीने स्वतःच ओढून घेतलं.